वारशाच्या बंदुकीचे छायाचित्र : साधा कॅमेरा, पक्की नोंद

१४ डिसेंबर २०१९ रोजी शस्त्र कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन बंदुका होत्या त्यांना कोणत्याही दोन ठेवून उरलेली वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावयाची होती. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही हीच मर्यादा आहे. उपयोगाची बंदूक ठेवावी आणि पणजोबांच्या काळची ठासणीची बंदूक द्यावी, असा निर्णय अशा प्रसंगी स्वाभाविक ठरतो. म्हणजे घराबाहेर जाते ती नेमकी इतिहास सांगणारी वस्तू.

मागे उरते ते छायाचित्र. मात्र ते बहुधा दिवाणखान्यात, फ्लॅश लावून, घाईने टिपलेले असते. नळीवर पांढरी रेघ, दस्त्याच्या जागी काळा डाग आणि घोड्याजवळची अक्षरे पुसट. अशा चित्रावरून बंदूक कोणत्या जातीची, कोणत्या काळातील, कोणाच्या मालकीची, यांपैकी काहीच सांगता येत नाही. याउलट हजारो रुपयांची साधने नसतानाही, जुन्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याने, अभ्यासकाला उपयोगी पडेल आणि चोरीच्या तक्रारीत पुरावा ठरेल अशी नोंद करता येते. त्यासाठी प्रकाशाची समज, थोडी शिस्त आणि एक मोकळी दुपार पुरते.

डहाणू-तलासरीचा संदर्भ

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत, डहाणू आणि तलासरी हे तालुके येतात. डहाणूच्या खाडीवर पोर्तुगीजांचा किल्ला होता. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी चालविलेल्या वसईच्या मोहिमेत तारापूर, डहाणू ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. पुढे इंग्रजी अंमल आला, किनाऱ्यावर पारशी आणि इराणी बागायतदारांच्या चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या. तोड्याची बंदूक, ठासणीची बंदूक आणि काडतुसांची बंदूक अशा तिन्ही पिढ्यांची शस्त्रे कोकणपट्टीच्या इतिहासात अशी एकामागोमाग येतात.

तलासरीच्या बाजूला बंदुकीची आठवण वेगळी आहे. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेतून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरीजवळच्या तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. त्यामुळे या परिसरात जुनी बंदूक ही केवळ भिंतीवरची शोभा नव्हे. ती कोणाच्या हाती होती आणि कोणावर रोखलेली होती, हाही तिच्या नोंदीचा भाग ठरतो. छायाचित्र घेणाऱ्याने ही जाणीव आरंभापासून ठेवलेली बरी.

हवामानाचाही विचार करावा लागतो. डहाणू, बोर्डी, घोलवडच्या किनाऱ्यावर खारे वारे वर्षभर लोखंड खात असतात, आणि पावसाळ्यातील दमटपणा त्यात भर घालतो. आज वाचता येणारे ठसे काही वर्षांनी गंजाखाली जाऊ शकतात. नोंद लांबणीवर टाकू नये, याचे हे दुसरे कारण.

आधी कायदा आणि सुरक्षितता

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार, कालबाह्य धाटणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त असलेले आणि दुरुस्ती करून वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. फेब्रुवारी २०२० मधील नियमदुरुस्तीने ‘क्युरिओ’ वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी भारतीय नागरिकांना परवान्याची गरज ठेवली नाही. मात्र ती वापरण्यास, जवळ घेऊन फिरण्यास किंवा वाहून नेण्यास परवाना लागतोच. आपल्या घरातील बंदूक कोणत्या वर्गात बसते हे मालकाने स्वतः ठरवू नये. डहाणू आणि तलासरीसाठी परवान्याचा अधिकार पालघरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे; शंका असल्यास तेथेच विचारणा करावी.

छायाचित्रकारासाठी याचा अर्थ सरळ आहे. बंदूक जेथे ठेवलेली असते त्याच घरात, परवानाधारकाच्या उपस्थितीत काम करावे. सुरेख पार्श्वभूमीच्या मोहाने ती समुद्रकिनाऱ्यावर किंवा किल्ल्यावर नेऊ नये.

सुरक्षिततेचा नियम त्याहून कडक आहे. जुनी बंदूक भरलेलीच आहे असे गृहीत धरावे. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरली जाते, त्यामुळे मागून उघडून पाहण्याची सोय नसते. आणि कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. तपासणीसाठी बारीक लाकडी काठी तोंडातून हलकेच आत सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून त्याच खुणेवर धरून पाहावी. काठीचे टोक रंजकाच्या छिद्राच्या आसपास पोहोचले तर नळी रिकामी असण्याची शक्यता असते. दोनतीन इंच आधीच थांबले तर आत दारूगोळा अथवा अडथळा आहे असे समजून काम तेथेच थांबवावे आणि परवानाधारक शस्त्रकारागिरास किंवा पोलिसांना कळवावे. स्वतः काढण्याचा प्रयत्न करू नये. नळी रिकामी आढळली तरी घोडा ओढून सोडून पाहू नये, आणि नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने ठेवू नये.

घासणे नको, पुसणे पुरे

छायाचित्रासाठी बंदूक चकचकीत करण्याचा मोह होतो. पितळी भाग चिंचेने आणि नळी वाळूच्या कागदाने घासली जाते. यात शस्त्राचे कायमचे नुकसान आहे. काळानुसार धातूवर चढलेली गडद झिलई हा वयाचा पुरावा असतो, आणि उथळ ठसे घासण्यात प्रथम जातात. मऊ, कोरड्या सुती कापडाने धूळ टिपावी, एवढेच. हाताळताना सुती हातमोजे घालावेत. घामातील क्षारांमुळे उघड्या लोखंडावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. काम संपल्यावर धातूच्या भागावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. तेल आधी लावल्यास चित्रात नको ती चमक येते.

पडवीतला उजेड

चांगल्या छायाचित्राचे निम्मे श्रेय प्रकाशाला जाते. बंदुकीची नळी हा गोल, तकतकीत पृष्ठभाग. समोर असेल ते सारे त्यात उमटते. कॅमेऱ्याचा फ्लॅश हा लहान आणि तीव्र दिवा असल्याने तो नळीवर टोचणारा पांढरा ठिपका उमटवितो आणि बाकी भाग अंधारात लोटतो. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅश बंद करावा.

दुसरी गोष्ट, मोठा आणि मऊ प्रकाश शोधावा. कोकणातील घराची पडवी किंवा ओटी यासाठी उत्तम. थेट ऊन नाही, पण बाहेरचा उजेड भरपूर. उत्तराभिमुख पडवी असल्यास वर्षातील बहुतेक दिवस तेथे दुपारीही ऊन येत नाही. मात्र डहाणू सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे कलतो. त्या दिवसांत सकाळी पश्चिमेकडील किंवा दुपारी पूर्वेकडील बाजू निवडावी. ढगाळ दिवस या कामासाठी वरदान आहे.

चिकूच्या वाडीतील सावली आकर्षक दिसते, पण फसवी असते. दाट पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो आणि ती छटा लोखंडावर स्पष्ट उतरते. लाल गेरूच्या भिंतीशेजारीही तसाच तांबूस रंग चढतो. वाडीत काम करायचेच असेल तर झाडांपासून दूर, मोकळ्या आकाशाखाली पण सावलीत जागा निवडावी. तलासरीकडील कुडाच्या घरात आत उजेड कमी असतो. तेथे दाराशी, उंबरठ्यालगत बंदूक मांडावी.

नळी प्रकाशाच्या बाजूला समांतर ठेवावी. त्यामुळे तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत एकच सलग, शांत चमक उमटते आणि गोलाई कळते. विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला की सावलीतला भाग उजळतो. उजेड फार कडक वाटल्यास खिडकीवर पांढरे मलमल किंवा ट्रेसिंग कागद लावावा. छायाचित्रकाराने गडद, साधे कपडे घालावेत. रंगीत सदऱ्याचे प्रतिबिंब नळीत हमखास दिसते.

पार्श्वभूमी एकरंगी, बिनचमकीची आणि शक्यतो राखाडी असावी. पांढऱ्या चादरीवर बंदूक काळवंडते. काळ्या मखमलीवर गडद दस्त्याची कड हरवते. नक्षीदार सतरंजी किंवा वारली चित्रांची भिंत सुंदर असली तरी ती नजर स्वतःकडे ओढते. अशी चित्रे हवी असल्यास शेवटी, निराळी घ्यावीत.

कॅमेऱ्याची मांडणी

साध्या कॅमेऱ्यात फार पर्याय नसतात. असतात ते नीट वापरले तर पुरतात. संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ८० किंवा १०० वर ठेवावा, म्हणजे चित्रात दाणे येत नाहीत. त्यामुळे चित्र टिपायला वेळ लागतो आणि हात हलतो. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवावा. तिपाई नसेल तर स्टुलावर तांदळाची किंवा वाळूची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा बसवावा. बटण दाबतानाचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावावा.

बंदुकीच्या अगदी जवळ जाऊन रुंद कोनातून चित्र घेतल्यास सरळ नळी धनुष्यासारखी वाकलेली दिसते. दोनतीन मीटर मागे सरकून कॅमेऱ्याच्या भिंगाचा झूम वापरावा. डिजिटल झूम मात्र बंद ठेवावा, कारण तो चित्र नुसते कापून मोठे करतो. कॅमेरा बंदुकीच्या मध्यावर आणि तिला काटकोनात असावा.

रंगांसाठी पांढरा कोरा कागद बंदुकीशेजारी ठेवून त्यावरून ‘व्हाइट बॅलन्स’ ठरवावा. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम उजळ करू पाहतो. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवर चित्र भडक आणि पांढऱ्यावर काळपट येते. अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने गडद पार्श्वभूमीवर सुमारे उणे दोन तृतीयांश आणि पांढऱ्यावर तितकेच अधिक करून पाहावे. चित्राची प्रत सर्वोच्च ठेवावी.

पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प धरते. तो पिशवीतच वीस-पंचवीस मिनिटे बाहेरच्या हवेत राहू द्यावा, मग काम सुरू करावे.

एक चित्र का पुरत नाही

येथे थोडे गणित उपयोगी पडते. आठ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी सुमारे ३२६४ बिंदूंची असते. पाच फूट, म्हणजे सुमारे १५२ सेंटिमीटर लांबीची तोड्याची बंदूक त्यात पूर्ण बसविली तर एका सेंटिमीटरच्या वाट्याला जेमतेम वीस बिंदू येतात. पाच मिलिमीटरच्या ठशाला मिळतात दहा. दहा बिंदूंत अक्षर वाचता येत नाही. नंतर कितीही मोठे केले तरी नाही. म्हणून संपूर्ण बंदुकीचे चित्र हे ओळखीपुरते समजावे आणि तपशील वेगळे टिपावेत.

पुढील क्रम सोयीचा ठरतो. उजवी बाजू संपूर्ण, डावी बाजू संपूर्ण, घोडा व चाप असलेला भाग दोन्ही बाजूंनी, रंजकाचे छिद्र, दस्ता आणि त्यावरील जडावकाम, नेमाची माशी, गज व तो बसविण्याची खोबण, खालची बाजू, आणि शेवटी प्रत्येक ठसा, क्रमांक, तडा व जुनी डागडुजी. नळीच्या तोंडाचे चित्र घ्यायचे झाल्यास कॅमेरा तिपाईवर ठेवून टायमर लावावा आणि समोरून सर्वांनी बाजूला व्हावे. प्रत्येक तपशिलाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. जवळच्या चित्रांसाठी कॅमेऱ्यावरील फुलाचे चिन्ह, म्हणजे मॅक्रो पद्धत, वापरावी.

ठसे कसे वाचावेत

झिजलेली अक्षरे समोरच्या प्रकाशात दिसत नाहीत. किल्ल्यावरील शिलालेख दुपारी वाचता येत नाही आणि मावळतीच्या तिरप्या उन्हात उठून दिसतो, तसेच येथेही होते. खोली अंधारी करावी, कॅमेरा स्थिर ठेवावा आणि विजेरीचा झोत पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून, दहापंधरा अंशांच्या कोनातून टाकावा. चारही दिशांनी असे एकेक चित्र घ्यावे. एकात हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. अक्षरांत खडू, रंग किंवा शेंदूर भरू नये. किल्ल्यांवरील तोफांच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.

हे कष्ट का घ्यायचे, हे काही उदाहरणांवरून कळेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आरंभी हृदयाच्या आकाराचे चिन्ह असे. १८०८ पासून पुढच्या पंजात मुकुट धरलेला उभा सिंह आला. इंग्रजी लष्करी बंदुकांच्या कळीच्या पट्टीवर मुकुट आणि ‘टॉवर’ हा शब्द, त्यासोबत कधी वर्षही आढळते. बर्मिंगहॅमचे नळी-परीक्षणगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले, त्यामुळे त्याचा ठसा असलेली नळी त्यापूर्वी तेथे तपासली गेलेली असू शकत नाही. उलट, खैबरच्या परिसरात बनविलेल्या नकली बंदुकांवर इंग्रजी ‘एन’ हे अक्षर कित्येकदा उलटे कोरलेले आढळते. खरी आणि नकली यांतला हा फरक फ्लॅशच्या झगमगाटात दिसणार नाही.

कोरीव अक्षरांचे मोल किती, याचे ताजे उदाहरण तलवारीचे आहे. नागपूरकर रघुजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. तिच्या पात्यावर रघुजींचे नाव सांगणारा सोन्याचा देवनागरी लेख होता. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. लेख नसता, किंवा वाचता न येण्याइतका झिजलेला असता, तर ती अनेक जुन्या तलवारींपैकी एक ठरली असती.

चित्राखालची ओळ

छायाचित्राला टिपणाची जोड नसेल तर ते अर्धेच राहते. लांबी, नळीचा आतील व्यास, वजन, धातू, लाकूड, ठसे, परवान्यावरील क्रमांक, चित्र घेतल्याची तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावे. घरात सांगितली जाणारी हकीकतही लिहावी, पण ‘कुटुंबात असे सांगतात’ या शब्दांत. बंदुकीवर १८५८ चा ठसा असेल आणि घरात ती वसईच्या मोहिमेतील म्हणून सांगितली जात असेल, तर दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात. ठसा खोटे बोलत नाही, आणि हकीकतीतून घरातल्या माणसांना काय आठवावेसे वाटले ते कळते. जमीनदाराच्या पहाऱ्यातील बंदूक असेल तर तसे लिहावे. तिला कोणा सरदाराचे नाव चिकटवून मोठेपणा देऊ नये.

चांगली मांडणी कशी असते हे पाहण्यासाठी मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय येथील शस्त्रदालने पाहावीत. छायाचित्रणाचे तेथील नियम आधी विचारावेत.

जतन आणि गुप्तता

मूळ चित्रे जशीच्या तशी ठेवावीत. उजळ-गडद करणे ते प्रतीवर करावे. मोबाइलच्या संदेशसेवेवरून पाठविलेले चित्र आक्रसते आणि ठसे पुसट होतात, म्हणून अभ्यासकाला मूळ फाइलच द्यावी. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती असाव्यात, आणि महत्त्वाच्या चार-सहा चित्रांचे कागदी ठसे परवान्याच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत.

ही चित्रे समाजमाध्यमांवर टाकताना मात्र हात आखडता घ्यावा. मोबाइलने घेतलेल्या चित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. क्रमांक, घराचा दर्शनी भाग आणि गावाचे नाव एकत्र दिसले, तर ती चोरासाठी आयती माहिती होते. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत; तरीही त्या चोरट्या मार्गाने जातात, आणि परत मागताना प्रथम विचारले जाते ते जुने, स्पष्ट छायाचित्र.

निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. त्याआधीची एखादी दुपार या कामासाठी राखून ठेवावी. क्रमांक, ठसे, तडे आणि डाग यांसह घेतलेली पंधरा-वीस चित्रे हाताशी असली, की बंदूक परत येताना ती तीच आहे आणि तशीच आहे हे पडताळता येते. आणि काही कारणाने ती परत येणार नसेल, तर पुढच्या पिढीला ती कशी होती हे तरी पाहता येते.